‘मोफसिल’ : एका शब्दाची कुळकथा

इंग्रजी शब्दकोशांत ‘मोफसिल’ नांवाचें एक विशेषण आहे. राजधानीच्या अथवा मोठ्या शहराच्या बाहेरचें, मुलखांतलें, असा त्याचा अर्थ कोशकार देतात. मोफसिल कोर्ट, मोफसिल प्लीडर, मोफसिल वार्ताहर हे प्रयोग आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानांवर नेहमीं पडत असत. मराठी लिखाणांतहि ‘मोफसल’ या रूपानें हा शब्द वावरला आहे. आतां तो आपल्या बोलण्यांतून बहुतेक उठून गेला. तथापि त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. कारण हा नुसता वर्णनाचा शब्द राहिला नाहीं. कोणाचा न्याय कोणीं करावा, कोणाचें खत कोठें मान्य व्हावें, येथपर्यंतच्या गोष्टी एके काळीं त्याच्यावर अवलंबून होत्या.

नमुन्यादाखल एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं या. नागपुराहून वायव्येस, चाळीस किलोमीटरांच्या आंत, कोलार नदीच्या कांठीं सावनेर आहे. तेथें तहसील कचेरी आहे, नगरपालिका आहे, कापसाची जुनी पेठ आहे. गांवावरून एक रस्ता बैतुलकडे आणि दुसरा छिंदवाड्याकडे फुटतो. शहर म्हणावें तर नागपूरकर हंसतील, आणि खेडें म्हणावें तर सावनेरकर रागावतील. अशा स्थळाकरितां कंपनीच्या काळांतल्या साहेबानें जो शब्द हातीं धरला, तो हा.

या शब्दाचा पहिला विशेष असा कीं, नकाशावर त्याला ठिकाण नाहीं. हिंदुस्थानांत वावरणाऱ्या इंग्रजांच्या बोलींतील शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा कोश यूल व बर्नेल या दोघां पंडितांनीं रचला, तो १८८६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हें मर्म नेमकें हेरलेलें आहे. कलकत्त्यांत बसून बोलणाराचें मोफसिल म्हणजे कलकत्त्याबाहेरचा सगळा बंगाल. पण काशींत बसून बोलणाराचें मोफसिल म्हणजे काशी शहर वगळून तिच्या भोंवतालचा मुलूख. हाच हिशेब आपल्याकडे लावून पहावा. मुंबईच्या व्यापाऱ्याला पुणें-नाशिक मोफसिल. नागपूरच्या वकिलाला सावनेर मोफसिल. सावनेरच्या तहसिलींतला कारकून केळवदकडे किंवा पाटणसावंगीकडे दौऱ्यावर निघाला, कीं त्याचें मोफसिल तेथून सुरू. खाप्याचें उदाहरण तर आणखी मौजेचें आहे. तें सावनेर तालुक्यांतलेंच, पण स्वतःची नगरपालिका बाळगणारें; म्हणजे त्यालाहि आपल्या पलीकडच्या खेड्यांकडे बोट दाखवितां येतें. बोलणाराची बैठक हलली कीं मोफसिल हलतें. मात्र बोलणारा स्वतः त्यांत कधींच बसत नाहीं.

आतां कुळाकडे वळूं. शब्दाच्या अंगावरचा कोट इंग्रजी असला तरी हाड अरबी आहे. ‘फ-स-ल’ या अरबी धातूचा अर्थ तोडणें, वेगळें करणें. त्यापासून ‘फस्ल’ म्हणजे तुकडा किंवा विभाग. ग्रंथाचें प्रकरण तेंहि फस्ल, आणि वर्षाचा एक तुकडा म्हणून ऋतु तोहि फस्लच. ऋतूवरून त्या ऋतूंत येणारें पीक असा अर्थ झाला, आणि पिकाच्या हंगामाला धरून साऱ्याचा हिशेब ज्या वर्षानें चालतो तें फसली साल झालें. दोन पक्षांमधला वाद तोडून टाकणारा तो फैसला. दोन ठिकाणांना वेगळें ठेवणारें अंतर तो फासला. शेतांतलें पीक, कोर्टांतला निकाल आणि वाटेवरचें अंतर हीं एकाच घरचीं आहेत, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

पण खरें नवल पुढेंच आहे. याच धातूचें एक जोरकस रूप अरबींत होतें. त्याचा अर्थ एखादी गोष्ट तुकड्या-तुकड्यांनीं, बाबवार उलगडून मांडणें. त्या क्रियेचें नांव ‘तफसील’. हा शब्द मराठींत ‘तपशील’ होऊन इतका मुरला आहे कीं, तो परका असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. जुन्या मोडी हिशेबांत आधीं बेरजेची रकम मांडून तिच्याखालीं ‘बितपशील’ म्हणून एकेका बाबीची फोड दिलेली आढळते. या क्रियेचें नांव जसें तफसील, तसें ती ज्या गोष्टीवर घडली त्या गोष्टीचें विशेषण ‘मुफस्सल’. मोफसिल तो हाच. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीनें मोफसिल आणि तपशील हीं सख्खीं भावंडें होत. आणि मोफसिलचें शब्दशः मराठी करावयाचें म्हटलें, तर ‘तपशीलवार मांडलेलें’ असेंच करावें लागेल. यांत खेडें नाहीं, चिखल नाहीं, मागासलेपण तर मुळींच नाहीं. कोणाहि हिशेबनिसाला भूषण वाटावें असें हें विशेषण आहे.

मग हें हिशेबाचें विशेषण मुलखाला कसें चिकटलें? फारसी दफ्तरांत मुफस्सलच्या उलट ‘मुजमल’ हा शब्द असे. मुजमल म्हणजे एकवट केलेलें, संक्षिप्त. आपल्या भाषेंत गोषवारा. शेताची मोजणी, पिकाचा अंदाज, कोणाकडे किती सारा थकला, याची बारीक नोंद गांवपातळीवर राही. तेथून वरच्या कचेरींत जातांना तिची बेरीज होत जाई. आणि सर्वांत वरच्या कचेरीच्या हातीं नुसता गोषवारा पडे. जेथें गोषवारा राहतो ती कचेरी मुख्य, जेथें तपशील राहतो ती मुफस्सल, असा भेद कारकुनांच्या बोलण्यांत सहज पडण्यासारखा आहे. कागदाचें विशेषण प्रथम कचेरीनें घेतलें, आणि कचेरीवरून तें तिच्या ताब्यांतल्या मुलखाला मिळालें. अर्थाची पायरी अशी चढली असावी, असें मानण्यास हा चांगला आधार आहे.

मोफसिलचा जोडीदार शब्द ‘सदर’. अरबींत सद्र म्हणजे छाती, आणि त्यावरून पुढली, मानाची जागा. वाड्याची सदर ही त्यांतलीच. पत्रांतला ‘सदरहू’ तोहि त्यांतलाच. आणि छातीवर घालावयाचा म्हणून आपला रोजचा सदराहि याच घराण्यांतला. नागपुरांत सदर नांवाची वस्ती आजहि प्रसिद्ध आहे. मोफसिल नांवाची वस्ती कोणत्या शहरांत असल्याचें ऐकिवांत नाहीं!

इंग्रजांनीं ही जोडी उचलली ती राज्यकारभाराच्या निकडीनें. १७७२ सालीं वॉरन हेस्टिंग्जनें बंगालच्या न्यायव्यवस्थेची जी योजना आंखली, तींत जिल्ह्या-जिल्ह्यांत मोफसिल दिवाणी अदालत व मोफसिल फौजदारी अदालत ठेविली, आणि त्यांच्यावर सदर दिवाणी अदालत व सदर निजामत अदालत नेमली. तेथून हा शब्द साहेबांच्या तोंडीं बसूं लागला. मात्र त्याचें शुद्धलेखन बसावयास वेळ लागला. कलकत्त्यास जेम्स हिकीनें ‘बेंगॉल गॅझेट’ काढलें, त्याच्या १७८१ च्या एका अंकांत मोफसिलांतून नुकत्याच परतलेल्या एका गृहस्थाचा उल्लेख आहे. तेथें हा शब्द इतका मोडून छापला गेला आहे कीं, ओळखूं येणें कठीण. पुढें इंग्रजीनें त्याला आपला प्रत्ययहि लावला. मोफसिलांत राहणारा तो ‘मोफसिलाइट’.

या मोफसिलाइट शब्दाशीं आपल्या इतिहासाचा एक धागा जुळला आहे. जॉन लँग नांवाचा ऑस्ट्रेलियांत जन्मलेला एक बॅरिस्टर हिंदुस्थानांत आला आणि त्यानें १८४५ सालीं ‘द मोफसिलाइट’ याच नांवाचें वृत्तपत्र सुरू केलें. कलकत्त्याच्या बड्या साहेबांची खोड मोडण्यांत त्याला विशेष गोडी वाटे. त्यांनीं हिणवावयास वापरलेलें नांव त्यानें मुद्दाम मथळ्यावर मिरविलें. १८५४ सालीं झांशीचें राज्य खालसा झालें, तेव्हां राणी लक्ष्मीबाईनें सल्लामसलतीकरितां याच लँगला बोलावून घेतलें. पडद्याआडून झालेल्या त्या भेटीची हकीकत त्यानें पुढें आपल्या प्रवासवर्णनांत लिहिली. आणि आपली झांशी देणार नाहीं, हा राणीचा जो उद्गार आज शाळेंतलीं मुलेंहि म्हणून दाखवितात, त्याचा माग काढीत गेलें तर याच हकीकतीशीं पोंचतो. अर्ज-विनंत्यांचा उपयोग झाला नाहीं, हें सांगावयास नकोच. त्याच १८५४ सालीं नागपूरचें भोसल्यांचें राज्यहि खालसा झालें, आणि सावनेर कंपनीच्या मोफसिलांत येऊन पडलें.

सदर अदालती १८६२ सालीं हायकोर्टें झाल्यावर संपल्या. विशेषण मात्र मागें राहिलें, आणि त्याचा डंख पुढें वीस वर्षांनीं सर्व देशाला जाणवला. बिहारीलाल गुप्त हे सिव्हिल सर्व्हिसमधले बंगाली गृहस्थ कलकत्त्यास मॅजिस्ट्रेटचें काम पाहत होते. राजधानीच्या शहरांत हिंदी मॅजिस्ट्रेटास युरोपियन आरोपीचा खटला चालविण्याचा अधिकार असे. मोफसिलांत तो नसे. म्हणजे याच माणसाला बढती मिळून तो जिल्ह्यावर मोठ्या हुद्द्यानें गेला, कीं कालपर्यंत असलेला अधिकार आज नाहींसा! माणूस तोच, विद्या तीच, कायद्याचें पुस्तकहि तेंच. बदलली ती फक्त जागा. गुप्तांनीं १८८२ सालीं ही विसंगति सरकारच्या नजरेस आणली, आणि तिच्या निवारणार्थ १८८३ च्या फेब्रुवारींत इल्बर्ट यांनीं आपलें प्रसिद्ध बिल मांडलें. त्यावर नीळवाले, चहावाले आणि एकंदर गोरा समाज कसा खवळला, हें इतिहासांत नमूद आहे. खवळण्याचें कारण उघड होतें. मळे मोफसिलांतच होते, मजूर मोफसिलांतच होते, आणि मजुरावर हात टाकणाऱ्या मळेवाल्याला तेथल्या हिंदी न्यायाधीशापुढें उभें राहावें लागूं नये, हीच त्या भेदाची सारी किंमत होती. १८८४ च्या जानेवारींत तडजोडीचा कायदा झाला : युरोपियन आरोपीनें मागितल्यास ज्यूरींतले निदान निम्मे लोक युरोपियन अथवा अमेरिकन असावेत. बिलाचा मूळ हेतु त्यांत बुडाला. पुढल्या वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. या प्रकरणाचा चटका तेव्हां ताजा होता.

दुसरें उदाहरण इतकें गाजलेलें नाहीं, पण व्यापाऱ्यांना तें अधिक जवळचें वाटेल. घराचें किंवा जमिनीचें मूळ खत सावकाराच्या हवालीं करून, वेगळा दस्त नोंदविल्याशिवाय गहाण देण्याची एक सोपी पद्धत आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें ही सवलत कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या शहरांपुरती ठेविली. कायद्यांत मोफसिल हा शब्द नाहीं, पण भेद तोच. गंमत अशी कीं, मालमत्ता कोठें आहे हें येथें महत्त्वाचें नसतें; खत कोठें हवालीं केलें, हें महत्त्वाचें. सावनेरच्या शेताचें खत मुंबईंत नेऊन दिलें तर गहाण पक्कें. तेंच सावनेरच्या पेढीवर दिलें तर तें या रीतीचें गहाणच नव्हे. मूळ यादीबाहेरच्या शहराला ही सोय हवी असल्यास सरकारनें अधिसूचना काढून तसें जाहीर करावें लागतें. हें कलम अद्यापि कायद्यांत आहे. पैसा सदराकडे कां ओढला जातो याचीं कारणें पुष्कळ सांगतात. असल्या बारीक कलमांकडे फारसें कोणी पाहत नाहीं.

कायद्यांत असें स्थान मिळाल्यावर शब्दांत तुच्छता शिरावी यांत आश्चर्य नाहीं. शहरानें गांवाला नांवें ठेवणें हें कांहीं इंग्रजांनींच शोधून काढलें असें नव्हे. लॅटिनमध्यें ‘पागानुस’ म्हणजे खेडूत; त्याचा इंग्रजींत पाखंडी झाला. ‘विलानुस’ म्हणजे मळ्यावरचा कष्टकरी. त्याचा इंग्रजींत खलपुरुष झाला. आपणहि मागें नव्हतों. संस्कृत अलंकारशास्त्रांत ‘ग्राम्य’ हा काव्याचा दोष म्हणून मोजला आहे, आणि चतुर, रसिक पुरुषाला ‘नागरक’ म्हटलें आहे. मराठींतला गांवंढळ तर रोजच्या वापरांतला. परंतु या सर्व शब्दांत निदान गांव, खेडें, मळा असें कांहीं तरी मूळ पदार्थाचें नांव आहे. मोफसिलांत तेंहि नाहीं. जें तपशिलानें भरलेलें तें हलकें, आणि ज्याच्याजवळ नुसती बेरीज तें श्रेष्ठ, असा उलटा न्याय या एकाच शब्दानें केला.

हा न्याय वाङ्मयाच्या इतिहासांतहि दिसतो. राम गणेश गडकरी यांचें देहावसान २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें झालें. वय अवघें ३३ वर्षांचें होतें. ‘भावबंधन’ हें नाटक त्यांनीं मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं पुरें केलें. पुढें बलवंत संगीत मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें, आणि दीनानाथ मंगेशकरांची लतिका लोकांनीं डोक्यावर घेतली. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांना घनःश्याम, धुंडिराज, कामण्णा हीं पात्रें पाठ झालीं. सावनेर मात्र चरित्राच्या शेवटच्या ओळींत मृत्यूचें ठिकाण म्हणून तेवढें राहिलें. मराठी नाटकाच्या हिशेबांत बेरीज सदराच्या नांवें पडली. वास्तविक गडकऱ्यांचें जन्मस्थानहि गुजराथेंतलें नवसारी. म्हणजे त्यांच्या आयुष्याचीं दोन्ही टोंकें मराठी राजधान्यांपासून दूर होतीं.

खुद्द नागपुरालाहि या विशेषणानें सोडलें नाहीं. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हां नागपूर त्याची राजधानी. १९३६ पासून तेथें स्वतंत्र हायकोर्ट. पाऊणशें वर्षें आणि वर सावनेरला मोफसिल म्हणण्याचा नागपूरचा हक्क निर्विवाद होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची फेररचना झाली. मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यांत आलें, आणि त्याच्या हायकोर्टाचें मुंबई हायकोर्टाचें खंडपीठ झालें. पुढें १९६० पासून तें महाराष्ट्राची उपराजधानी आहे. विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन तेथें भरतें आणि कांहीं आठवड्यांनीं सदर पुन्हां मुंबईस जाते. मुंबईकराच्या तोंडीं ‘तिकडे नागपूरला’ हे शब्द ज्या सुरांत येतात, तो सूर नागपूरकरानें सावनेरच्या बाबतींत किती वेळां लावला असेल, हें त्यानेंच सांगावें.

सावनेराहून उत्तरेस जाणाऱ्या त्या दोन रस्त्यांवर याहून अवघड प्रकार घडला. छिंदवाड्याच्या वाटेवर सौंसर आणि बैतुलच्या वाटेवर पांढुर्णा, हीं दोन्ही मराठी बोलणारीं गांवें. १९५६ पर्यंत त्यांचेंहि सदर नागपूरच होतें. त्या तारखेपासून तें भोपाळ झालें. पांढुर्णा हा २०२३ सालीं वेगळा जिल्हा झाला, पण मध्यप्रदेशांतला. बाजाराला, दवाखान्याला माणसें नागपूरकडे येतात आणि सरकारी कामाला भोपाळकडे तोंड करतात. बंगाल-नागपूर रेल्वेनें बांधलेल्या अरुंद रुळांवरून नागपूर-छिंदवाडा ही लहानशी गाडी सावनेर-सौंसर मार्गें अनेक वर्षें डुलत जात असे. आतां ते रूळ रुंद झाले आहेत.

शब्दाचें पुढें काय झालें? बंगालींत तो ‘मफस्वल’ होऊन चांगला जिवंत आहे. लहान गांवाची संथ दुपार, स्टेशनावरचा एकुलता दिवा, असें कांहींसें हळवें चित्र त्या शब्दाबरोबर बंगाली वाचकाच्या मनांत उभें राहतें. चेन्नईंत कोयंबेडू येथें २००२ सालीं उघडलेल्या भव्य बसस्थानकाचें नांवच ‘चेन्नई मोफसिल बस टर्मिनस’ असें होतें. २०१८ सालीं तें बदलून एम्. जी. रामचंद्रन् यांचें नांव दिलें गेलें, तरी परगांवच्या गाडीला मोफसिल बस म्हणण्याची तेथील रीत कायम आहे. त्यांत तुच्छता नाहीं. गाडी शहराबाहेर जाणारी आहे, एवढेंच त्याला सांगावयाचें असतें.

मराठींत त्याची जागा ‘ग्रामीण’ या शब्दानें घेतली; पण सावनेर ग्रामीण नव्हे. ‘निमशहरी’ हा नवा शब्द सरकारी कागदांत दिसतो; त्यांत अर्धें माप पुन्हां शहराचेंच. गांवांतल्या माणसाला विचारलें तर तो यांपैकीं कांहींच म्हणणार नाहीं. ‘तालुक्याचं गांव’ असें तो सांगेल. तालुका हाहि शब्द अरबींतून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ संबंध, जोडलेलें असणें.